सात नंबरच्या टाकीतला डूख

आत्ता तुमच्याशी बोलतोय तो हा शंख नव्हे. शंख एका मेलेल्या गोगलगाईचा आहे, तो बिचारा काय बोलणार. बोलतोय मी, आत बसलेला खेकडा. पुस्तकांत मला ‘संन्यासी खेकडा’ म्हणतात. दुसऱ्याने सोडलेल्या शंखात एकटाच राहतो, म्हणून कुणा भाबड्या माणसाने हे नाव ठेवलं असणार. मी कशाचाही संन्यास घेतलेला नाही. रागाचा तर नाहीच नाही.

माझी आई अंडी पोटाशी धरून शंखातच हिंडायची. भरती आली की तिने आम्हाला पाण्यात सोडलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. आम्ही हजारो भावंडं काही आठवडे पाण्यावर तरंगत होतो. त्यातली बहुतेक माशांच्या पोटात गेली. मी वाचलो, यात माझी हुशारी काही नाही. पुढे पाय फुटले, तळाला टेकलो आणि पहिल्याच दिवशी घर शोधायला निघालो.

घराशिवाय आमचं चालत नाही. पुढून आम्ही कडक, नांग्या उगारलेले, पण मागचं पोट अगदी मऊ आणि उघडं. ते एका बाजूला वळलेलं असतं, म्हणून शंखाच्या वळणात बरोबर बसतं. शेपटीकडच्या आकड्यांनी आम्ही शंखाचा आतला खांब पकडून ठेवतो आणि मोठी नांगी दाराला लावून टाकतो. मग बाहेरून कुणी कितीही ओढो, आम्ही मधून तुटू पण खांब सोडणार नाही. हे नीट लक्षात ठेवा, माझं सगळं दुखणं इथूनच सुरू होतं.

आम्ही वाढतो, शंख वाढत नाही. म्हणून घर बदलावं लागतं. एखादा मोठा रिकामा शंख सापडला, की आम्ही उंचीप्रमाणे रांगेत उभे राहतो. पहिल्याने नव्यात उडी मारली की दुसरा त्याच्या जुन्यात, तिसरा दुसऱ्याच्या जुन्यात. पुढे मी माणसांना एक कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना पाहिलं. चार जण, तीन मतं आणि भिंतीला मोठा ओरखडा. मला आमच्या रांगेची फार आठवण झाली.

तिसऱ्या घरात असताना मला ती भेटली. समुद्रफूल. नावाला फूल, पण आमच्यासारखाच प्राणी. एका खडकाला चिकटून बसली होती, लालसर, भरपूर हातांची. तिच्या हातांत विष असतं, पण माझ्यासाठी नाही. मी तिला नांगीने हळूहळू थोपटलं, पायांनी चोळलं, तिने खडक सोडला आणि मी तिला उचलून माझ्या छपरावर बसवलं. त्या दिवसापासून खेकडे खाणारा ऑक्टोपस माझ्या वाटेला गेला नाही. मी जेवताना सांडायचो, ते ती खायची. घर बदललं की मी आधी स्वतः जायचो, मग तिला थोपटून न्यायचो. अशी तीन घरं आम्ही बरोबर केली. ती कधी एक शब्द बोलली नाही, आणि मला तिच्यावाचून करमत नसे.

मग एका ओहोटीला बादली आली.

मला आणलं ती खोली लांबट होती. भिंतीशी बारा टाक्या, हवेच्या पंपाची दिवसभर घरघर, कायम ओली फरशी. दारावर पाटी होती: फोन बाहेर ठेवा. फोन थरथरला की खेकडे आत जातात आणि मोजणी बिघडते, म्हणून सरांनी ती लावली होती. एवढं मात्र सरांना बरोबर कळलं होतं, मी मान्य करतो.

सर म्हणजे त्या खोलीचे मालकच. तीस वर्षं त्यांनी आमच्या जातीवर घालवली. डाव्या पायाची चप्पल घासत चालायचे. उजवा अंगठा दुखायचा म्हणून त्याला पुदिन्याच्या वासाचं मलम चोळायचे. त्यांच्या हाताखाली शोधनिबंध लिहिणारी एक मुलगी होती, तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्या दुप्पट वयाचे टाकीवाले काकासुद्धा. समुद्रफुलाला खेकडा स्वतः उचलून नव्या घरावर नेतो हे सरांनी वर्गात शंभर वेळा शिकवलं होतं. पण डोळ्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. हे ते चहा पिताना ताईला सांगायचे, जरा हसून, जरा खट्टू होऊन.

पाहायचंच होतं तर थांबायचं होतं. पण त्यांना त्या दिवशी आमची वजनं हवी होती, आणि शंखासकट वजन चालत नाही. टेबलाच्या कडेला लोखंडी पकड बसवलेली होती. सरांनी आधी एका बोथट पात्याने माझ्या छपरावरून तिला खरवडून काढलं. मग माझा शंख पकडीत धरला आणि दांडा फिरवायला लागले. आतला खांब मी घट्ट धरला होता. तो माझ्या आकड्यांतच फुटला.

उघडं पोट घेऊन मी पांढऱ्या बशीत पडलो होतो आणि सर वजन वाचत होते. साडेआठ ग्रॅम. त्यांच्या बोटांचा पुदिना माझ्या अंगभर लागला होता. तो वास मी तेव्हाच मनाशी बांधून ठेवला. म्हटलं, साहेब, तुमचं माझं आता आयुष्यभराचं.

नंतर मला एक शंख दिला. एक नंबर लहान चप्पल कशी चावते ते तुम्हाला माहीत असेल, मला ती पोटाला चावत होती. ताईने माझी शेजारीण एका बशीतून उचलली, सात नंबरच्या टाकीतल्या दगडावर ठेवली आणि चिकटेपर्यंत हात आडवा धरून उभी राहिली. तो दगड माझ्यापासून वीतभर लांब होता. मी तिथवर जायचो. पण माझ्या नव्या घराला तिच्या बसण्याएवढी पाठच नव्हती. रोज भेट आणि रोज तशीच परत पाठवणी.

मग प्रयोग सुरू झाला. रोज सकाळी दहा वाजता आम्हाला उचलायचं, आम्ही आत गेलो की फरशीच्या पांढऱ्या तुकड्यावर उताणं ठेवायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. किती सेकंदांनी पाय बाहेर काढून उभे राहतो ते लिहायचं. एवढ्याशा मेंदूच्या प्राण्याला भीती वाटते, पण ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, असं सरांचं म्हणणं होतं. त्यावर त्यांचं पुस्तक तयार होत होतं. एक दिवस सर मोजायचे, एक दिवस ताई.

ताईच्या हाताला मी बारा सेकंदांत उभा राहायचो. ती हात आधी समुद्राच्या पाण्यात बुडवून घ्यायची. पुदिन्याचा वास आला, की मी दार लावून बसायचो. सर पाच मिनिटं थांबायचे, ‘३००’ लिहायचे आणि चप्पल घासत निघून जायचे. माझ्यापाशी दात नाहीत, आवाज नाही, कोर्टकचेरी नाही. एवढंच करता येत होतं, आणि मी ते एकही दिवस चुकवलं नाही.

ताईच्या हे लक्षात आलं. तिने वहीत एक जास्तीचा रकाना आखला: कुणी पाहिलं. दोन महिने भरला. मग एका सकाळी वही घेऊन सरांसमोर उभी राहिली.

“सर, सात नंबर फक्त तुमच्याच हाताला आत राहतो. मी पाहिलंय.”

“पाहिलंस म्हणून काय झालं? मोजलंस का?”

तिने वही पुढे केली. सरांनी पानं उलटली, चष्मा काढला, परत लावला. मग म्हणाले, हा खेकडा आजारी आहे, आजारी प्राणी आकड्यांत धरत नाहीत. सात नंबरची पानं काढून टाक. हा रकानाही काढ, कुणी पाहिलं याला शास्त्रात काही अर्थ नसतो. निबंध हवा असेल तर पुस्तकाशी जुळता लिही, नाहीतर दुसरा मार्गदर्शक शोध. आणि सोमवारी याला स्पिरिटच्या बाटलीत घाल.

तिसऱ्या वर्षाला दुसरा मार्गदर्शक शोधायचा म्हणजे पहिल्यापासून सगळं. ताई नळाशी गेली आणि स्वच्छच असलेली बादली बराच वेळ धूत राहिली. मी काचेतून बघत होतो. माझ्या वैराची झळ भलत्यालाच लागत होती. वाईट वाटलं, पण मागे हटायचं काही मनात आलं नाही.

तिने पानं काढली. सोमवारी मात्र बाटली धुतलेली नव्हती. मंगळवारी स्पिरिट संपलं होतं. बुधवारी काकांना कपाटाची किल्ली सापडेना, आणि ती त्यांच्याच खिशात वाजत होती. गुरुवारी निबंध तपासायला बाहेरच्या परीक्षक बाई आल्या.

या बाई वयस्कर होत्या आणि बोलायच्या कमी. त्यांनी तक्ते चाळले आणि विचारलं, “सहानंतर एकदम आठ कसा?”

सरांनी सात नंबर काढायला सांगितला होता. पुढचे नंबर बदलायला सांगायचं राहून गेलं होतं. तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाकडून अशी चूक होते, कारण टाकीवरचा नंबर हा त्यांना खेकड्याचं नावच वाटतो, आणि नाव कुणी सरकवून घेत नाही. ताईनेही ते आपण होऊन सरकवले नव्हते. तेवढीच तिची बंडखोरी.

सर म्हणाले, तो आजारी होता. बाई म्हणाल्या, बघू या.

खोलीचं दार लावलं. आधी बाईंनी मला उताणं ठेवलं. हात नवा होता, धोक्याचा नव्हता. चौदा सेकंदांत उभा राहिलो. मग ताई, बारा. मग पुदिना आला. मी नांगी दारावर अशी लावली की पाणीसुद्धा आत येऊ नये. तीनशे. बाईंनी सरांचा हात हातात घेऊन वास घेतला आणि मलमाची डबी मागितली. ते मलम त्यांनी ताईच्या हाताला चोळलं.

हा डाव मला तेव्हा कळला नाही. रोज दहाला यायचा तोच वास, तीच भीती, आणि मी आत. हात ताईचा आहे हे कळलं नाही. तीनशे. मग सरांनी हात तीनदा धुऊन समुद्राच्या पाण्यात बुडवले. आलेल्या हाताला काहीच वास नव्हता. एकोणीस सेकंदांत मी उभा राहिलो, डोळ्यांचे देठ वर केले, आणि समोर सर.

त्या एकोणीस सेकंदांची लाज मला अजून वाटते. ज्याला आयुष्यभर तोंड दाखवायचं नाही असं ठरवलं, त्याच्यासमोर मी पायांवर ताठ उभा होतो. तेव्हापासून मी वासावर विसंबत नाही. त्यांची सावली, घासणारी चप्पल, खोकला, सगळं पाठ केलं.

बाई मात्र खुर्चीत टेकून बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “हा आजारी नाही, सर. याला तुम्ही आठवताय.”

मग व्हायचं ते झालं. पुस्तक थांबलं. ताईचा निबंध मान्य झाला, सात नंबरच्या पानांसकट. त्याच खोलीत तिला स्वतःचं काम मिळालं, खोलीतले कॅमेरे सात नंबर सोडून तिच्या नव्या टाक्यांवर गेले. समिती बसली, आणि एके दिवशी काकांनी पाना आणून ती लोखंडी पकड टेबलावरून काढली. आता तिथे चार भोकं आहेत. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी दोनदा जेवलो.

पण घर गेलं ते गेलंच होतं, आणि शेजारीण दगडावरच होती.

सरांना निवृत्त व्हायला दीड महिना उरला. त्यांना आता कुणी काही विचारत नसे. एका सकाळी ते स्वतः किनाऱ्यावर जाऊन आले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि माझ्या टाकीत एक शंख ठेवला. शंख कसला, वाडाच तो. रुंद पाठ, गुळगुळीत दार, आत भरपूर वळण. माझी नांगी शिवशिवली. मग सरांनी स्टूल ओढलं आणि काचेसमोर बसले.

ते रोज दहाला यायचे. मलम सोडलं होतं. टकटक नाही, उचलणं नाही, नुसतं बसणं. एकदा खोलीत कुणी नाही असं पाहून काचेशी वाकले.

“एकदा दाखव रे. मग मी जातो.”

काय दाखवायचं ते मला चांगलं माहीत होतं. म्हणून तर दाखवलं नाही. ते असेपर्यंत मी त्या शंखाकडे पाठ करून बसायचो. ते गेल्यावर संध्याकाळी ताई यायची, त्या वेळी जाता आलं असतं. पण मला ते चोरून करायचं नव्हतं. सर या खोलीत असतानाच, त्यांच्या डोळ्यांसमोरून ते थोडक्यात हुकलं पाहिजे होतं.

दिवस जात होते आणि मी आत चेंगरत होतो. कात टाकायची वेळ जवळ आली होती. अडचणीच्या शंखात आमची कात निघत नाही, खेकडा आतल्या आत मरतो. ताईने माझा रंग पाहिला आणि सरांना सांगितलं, तुम्ही समोर बसू नका, मग तो घर बदलेल, नाहीतर मरेल.

“मी उठलो तर मला दिसणार कसं?” सर म्हणाले.

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या मनात उरलीसुरली जी काही माया होती ती गेली. माझा जीव जाईल हे कळूनही त्यांना बघायचंच होतं. आणि मीही कमी नव्हतो. मरेन पण यांना दाखवणार नाही, असं म्हणत बसलो होतो. काचेच्या दोन बाजूंना दोघं हटवादी, एवढाच काय तो प्रयोग चालला होता.

शेवटचा दिवस उजाडला. चार वाजता सरांच्या निरोपाचा चहा होता. साडेतीनच्या सुमारास काका दारात आले आणि म्हणाले, सर, घरून फोन आहे, तिसऱ्यांदा वाजतोय. सर म्हणाले, नंतर. काका म्हणाले, बाईसाहेबांना माळ्याची किल्ली सापडत नाहीये. सरांनी माझ्याकडे पाहिलं, दारावरच्या पाटीकडे पाहिलं. ती त्यांनीच लावलेली. उठले आणि चप्पल घासत बाहेर गेले.

आवाज व्हरांड्याच्या टोकाला पोचेपर्यंत मी थांबलो. मग आकडे सोडले. उघडं पोट पाण्याला लागलं, अंगावर काटा आला, आणि मी उलटा नव्या घरात शिरलो. आतला खांब मिळाला. कितीतरी महिन्यांनी पोट पूर्ण पसरलं. दार मोजलं, नांगी बरोबर बसत होती. तसाच दगडाकडे धावलो.

ती मला विसरली असेल असं वाटलं होतं. मी थोपटलं. चोळलं. परत थोपटलं. तिने आधी हात मिटले, मग तळवा एका कडेने सुटायला लागला. मी घाई केली नाही. शेवटची कड सुटली तशी तिला दोन्ही नांग्यांत धरली आणि पाठीवर टेकवली. ती चिकटली. मग तिने एकेक करून सगळे हात उघडले.

तेवढ्यात डोळे वळवले तर दारात ताई उभी. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात गळ्यातलं स्टॉपवॉच. किती वेळ उभी होती कोण जाणे. सरांना हाक मारायला दहा पावलं जायचं होतं. ती गेली नाही.

चप्पल घासण्याचा आवाज आला. मी दार लावून घेतलं.

सर काचेशी आले. रिकामा जुना शंख पाहिला, रिकामा दगड पाहिला, मग माझ्या छपरावर उघडलेली ती पाहिली. बराच वेळ वाकून उभे होते.

“झालं?”

“झालं, सर.”

“तू पाहिलंस.”

“मोजलं,” ताई म्हणाली. “अकरा मिनिटं.”

“मी बारा मिनिटं बाहेर होतो,” सर म्हणाले आणि स्टुलावर बसले.

त्यांनी तिला सगळं सांगायला लावलं, पहिल्यापासून. कुठली नांगी आधी, किती वेळा थोपटलं, ती कुठल्या कडेने सुटली. ताई सांगत होती आणि सर वहीत लिहीत होते. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. कुणी पाहिलं. तिथे त्यांनी स्वतःच्या अक्षरात ताईचं नाव लिहिलं, तारीख घातली आणि वही तिच्या हातात दिली. मग निरोपाच्या चहाला गेले. जाताना काचेला हात लावला, पण वाजवलं नाही.

माझी कात नीट निघाली. आता मी मोठा आहे, ती छपरावर आहे, आणि वैर फिटलं म्हणतात तसं ते फिटलं आहे. आनंद झाला का? झाला. जितका वाटला होता तितका नाही, पण झाला, आणि मी तो कुणाला परत देणार नाही. सर अजून महिन्यातून एकदा येतात, पाच मिनिटं बसतात. मी बाहेर येत नाही. ताई त्यांना सांगते, झोपला असेल. मी झोपलेला नसतो.

तुम्ही कधी समुद्रावर गेलात, हातात शंख आला आणि दार बंद दिसलं, तर हलवून बघू नका, ठोकू नका. होता तिथे ठेवा आणि निघून जा. आत कुणीतरी तुमचा हात पाठ करत बसलेलं असतं.